दगडफुलाचा सातबारा

सावंतवाडीला आत्याकडे दर वैशाखात मसाला होतो. गच्चीवर मिरच्या कडक वाळलेल्या, धणे निवडून डब्यात भरलेले, आणि ओटीवर सूप मांडीवर घेऊन आत्या दगडफूल निवडत बसलेली. हे काम ती कुणाला देत नाही. चष्मा, चष्म्यापुढे दहापट मोठं दाखवणारं भिंग, आणि एकेक तुकडा उलटसुलट करून मगच ताटात. पस्तीस वर्षं तिने कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं. मी जनुकांच्या माहितीवर काम करते. मला दगडफूल भेटतं ते संगणकाच्या पडद्यावर, चार अक्षरांच्या न संपणाऱ्या ओळींमधून.

यंदा मी तिच्याशेजारी बसून सालीचे कपटे बाजूला काढत होते. (नाव दगडफूल असलं तरी बाजारातला बहुतेक माल झाडांच्या सालीवरून खरवडून आणलेला असतो.) सहज बोलून गेले, "किती छान संसार आहे ना हा, बुरशीचा आणि शैवलाचा." आत्याने भिंग खाली ठेवलं. पुढचे दोन तास आम्ही भांडलो. त्यातलं आठवतं तेवढं लिहिते आहे, कारण घरी परतल्यावरही ते भांडण माझ्या डोक्यात चालूच राहिलं.

आत्या : संसार? हा तुकडा धर. वरची राखाडी साल कुणाची? बुरशीची. खालची काळी पाठ? बुरशीची. कडेचे हे काळे केस, मधला हा पांढरा कापूस, सगळं बुरशीचंच. शैवल कुठे आहे? वरच्या सालीखाली, कागदाइतक्या पातळ थरात. एवढ्याशा जागेत बसून सगळ्या घराची भाकरी ते थापतं. आणि नाव कुणाचं लागतं? पार्मोट्रेमा. ते बुरशीचं नाव आहे. नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांत लिहूनच ठेवलंय, शैवाकाला, म्हणजे दगडफुलासारख्या जोडजीवाला, दिलेलं नाव हे त्यातल्या बुरशीचं नाव समजायचं. आत राबणाऱ्या शैवलाचं नाव ट्रेबुक्सिया. ते बाजारात कुणाला माहीत आहे? सातबारा बुरशीच्या नावावर आहे, गो.

सातबारा हा शब्द तिच्या तोंडून सहज येत नाही. माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, कूळ होते. भाटकाराची जमीन कसायची, खंड घालायचा, आणि कागदावर आपलं नाव कुठेच नाही. कूळकायदा झाला, १९५७ सालच्या एक एप्रिलला कृषकदिन आला, आणि त्यानंतरही उताऱ्यावर नाव चढेपर्यंत त्यांना बऱ्याच खेपा घालाव्या लागल्या. आत्या तेव्हा लहान होती. वडील उतारा घेऊन घरी आले तो दिवस ती अजून सांगते. म्हणून ती कूळ आणि मालक म्हणते तेव्हा मी नुसती उपमा म्हणून ऐकत नाही.

मी : पण हे मालक-नोकराचं चित्र दीडशे वर्षं जुनं आहे, आत्या.

आत्या : जुनं आहे म्हणून खोटं ठरत नाही. सिमॉन श्वेंडेनर, स्विस माणूस. तोवर सगळे शैवाकाला एक स्वतंत्र वनस्पती समजत होते. याने १८६७ मध्ये सांगितलं आणि १८६९ मध्ये सविस्तर लिहिलं, की ही वनस्पती एक नाहीच, दोन जीव आहेत. बुरशी मालक आणि शैवलं तिचे गुलाम, असंच त्याने मांडलं. त्या काळच्या मोठमोठ्या शैवाकतज्ज्ञांना राग आला. विल्यम नायलँडरने तर हे कधीच मान्य केलं नाही. आयुष्यभर ज्याला एक म्हटलं ते दोन निघालं की माणसाला सोसत नाही. पुढे ऑक्सफर्डला डेव्हिड स्मिथ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी किरणोत्सारी कार्बन वापरून साखरेचा माग काढला. हिरवं शैवल रिबिटॉल नावाची अल्कोहोल-प्रकारची साखर बाहेर सोडतं, बुरशी ती उचलते आणि तिचं मॅनिटॉल करून ठेवते. आणि आता नीट ऐक. तेच शैवल बुरशीतून सोडवून वेगळं ठेवलं, की ही गळती थोड्याच वेळात आटते. म्हणजे आपण होऊन कुणी देत नव्हतं. काढून घेतलं जात होतं.

मी : किंवा दोघं एकत्र असतानाच ते देणं शक्य होतं. गळती थांबली एवढंच दिसतं. का थांबली, हे त्यातून दिसत नाही.

आत्या : तुझ्या अक्षरांतून दिसतं?

मी : थोडं दिसतं. क्लॅडोनिया ग्रेयी ही बुरशी आणि तिचं शैवल अ‍ॅस्टेरोक्लोरिस ग्लोमेराटा, या दोघांचे जनुकसंच डॅनिएले आर्मालेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचले. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दोघांना प्रयोगशाळेत एकत्र वाढवलं आणि पहिल्या भेटीत कुणाची कुठली जनुकं जागी होतात ते पाहिलं. बुरशीत रिबिटॉल आत घेणाऱ्या वाहकाचं जनुक जोरात चालू झालं. अमोनियम वाहून नेणाऱ्याचंही.

आत्या : म्हणजे माल उचलायला गाडी तयार!

मी : हो, तिथे तुझं बरोबर. पण पुढे ऐक. इतक्या जवळ राहणाऱ्या जीवांमध्ये जनुकं इकडून तिकडे गेली असतील, असं कुणालाही वाटेल. आपल्या पेशीतल्या तंतुकणिकेचं असंच झालं. ती एकेकाळी स्वतंत्र जिवाणू होती, मग बहुतेक जनुकं यजमानाच्या केंद्रकात गेली आणि ती कायमची आत राहिली. इथे तसं काही सापडलं नाही. बुरशीकडून शैवलाकडे किंवा शैवलाकडून बुरशीकडे जनुक गेल्याचा पुरावा नाही. इतकी जवळीक, आणि दोघांचं दप्तर वेगळं.

आत्या : कूळ मालकाच्या घरात राहतं म्हणून त्याचं आडनाव बदलत नाही.

मी : पण गुलामगिरी असेल तर खूण तरी पडायला हवी ना? पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या आत राहणारे जीव आपली जनुकं गाळत जातात, परजीवींमध्ये आपण ते बघतो.

आत्या : आणि इथे काहीच गळलं नाही?

मी : (इथे मला प्रामाणिक उत्तर द्यावंच लागलं.) गळलंय. शैवलाची नायट्रेट वापरण्याची जनुकं कमी झालेली दिसतात.

आत्या : बघ! बैलजोडी विकली. आता नांगर मालकाचाच.

मी : पण बुरशीचीही वाहकजनुकं एकूण आटलेली आहेत. बाहेरून आत माल आणणारी तिची अनेक दारं बंद झालीत. जंगलात मोकळी फिरणारी बुरशी शंभर प्रकारचं खाणं शोधते, हिला एकाच चुलीची सवय लागली आहे. मग अडकलं कोण? आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. त्या शैवलाच्या संचात अर्धसूत्री विभाजनाची खास जनुकं शाबूत आहेत. शैवाकाच्या आत असताना ते सहसा लैंगिक प्रजनन करताना दिसत नाही, हे तूच मला शिकवलंस. मग ही जनुकं टिकली कशासाठी? बाहेर, मोकळं असताना, ते वापरत असणार. बंदिवानाच्या खिशात घराची किल्ली आहे, आत्या, आणि ती गंजलेली नाही.

आत्या काही बोलली नाही. तिने एक तुकडा उचलून त्याची कड भिंगाखाली धरली आणि मला दिला. कडेवर पिठासारखी भुकटी होती. नुसत्या डोळ्यांना ती धूळच वाटते. भिंगातून तिचे कण कण दिसतात, आणि प्रत्येक कण म्हणजे शैवलाच्या चार-दोन पेशींभोवती गुंडाळलेले बुरशीचे धागे. वाऱ्याने, मुंगीच्या पायाला लागून किंवा पावसाच्या थेंबाबरोबर हा कण दुसऱ्या फांदीवर गेला, तर तिथे दोघांची एकत्र सुरुवात होते.

आत्या : किल्ली आहे म्हणतेस. पण ही भुकटी बघ. यात शैवलाला कुणी विचारलंय का? बोचक्यात बांधून नेलंय. आणि बुरशी बीजाणूंनी पसरते तेव्हा त्याहून वाईट. तिच्या बीजाणूत शैवल नसतं. उगवल्यावर ती जवळपास शैवल शोधते, नाही मिळालं तर मरते. म्हणून काही जणी सरळ चोरी करतात. डिप्लोस्किस्टेस म्हणून एक आहे. ती क्लॅडोनियाच्या अंगावर उगवते, तिच्या शरीरात शिरून तिची शैवलं ताब्यात घेते आणि तिथेच आपलं घर उभं करते. पुढे आपल्या पसंतीचं दुसरं शैवल मिळालं की चोरलेलं टाकून देते. हा तुझा संसार?

मी : नाही, हा संसार नाही. तो शब्द मी मागे घेते.

आणि खरंच घेतला. निसर्गात कुठे दोन जीव एकत्र दिसले की आपण लगेच मैत्री, सहकार, संसार असं म्हणू लागतो. शाळेच्या पुस्तकातही दगडफुलाला दोन ओळीच मिळतात, "एकमेकांना मदत करतात" एवढ्या. आत्याचा राग त्या दोन ओळींवर होता, आणि तो मला पटतो. पण मालक-गुलाम हे चित्रही मला पुरेसं वाटत नव्हतं.

मी : मग मालकाच्या हातात किती आहे ते बघू. आत्या, तू रेखाचित्रं काढायचीस ना, पानासारखं शैवाक वेगळं, झुडपासारखं वेगळं? स्टिक्टा नावाच्या बुरशीच्या काही जाती आहेत. हिरव्या शैवलाबरोबर असल्या की त्यांचं रुंद, हिरवं पान होतं. त्याच बुरशीला नॉस्टॉकसारखा नीलहरित जोडीदार मिळाला की बारीक, काळपट, फांद्या फुटलेलं झुडूप होतं. कधी एकाच देहात अर्धं पान आणि अर्धं झुडूप. लोकांनी या दोन रूपांना वेगवेगळ्या प्रजातींत घातलं होतं. १९९१ मध्ये आर्मालेओ आणि फिलिप क्लर्क यांनी दोन्ही भागांचा डीएनए तपासला. बुरशी एकच निघाली.

आत्या : एकच?

मी : तीच बुरशी, तीच जनुकं. सोबतीला कोण आहे त्यावर तिचं सगळं रूप ठरलं. पानही तिच्यात होतं आणि झुडूपही. आणि एकटी असली तर दोन्ही नाही. एकटी वाढवली की ती काचपात्रात फार सावकाश वाढणारा, धड आकार नसलेला गोळा होते. साल नाही, काळी पाठ नाही, कडेचे केस नाहीत. तू मघाशी जे जे बुरशीचं म्हणून दाखवलंस ना, ते शैवल भेटल्याशिवाय होतच नाही. मग ही साल नक्की कुणाची? जनुकं बुरशीची, हे खरं. पण ती वाचली गेली कुणामुळे?

आत्याने पदराने चष्मा पुसला. ती विचारात पडली की असं करते.

आत्या : माझ्या एका विद्यार्थ्याला मी स्टिक्टाची ती दोन रूपं वेगळ्या प्रजाती म्हणून शिकवली होती. तेव्हा पुस्तकात तसंच होतं. (थोडं थांबून) पण हे बघ, जमीनही बियाणं बदललं की वेगळी दिसते. भात लावलं की हिरवी, नाचणी लावली की वेगळी. जमीन मालकाचीच राहते.

मी : जमीन भात बघून आपला आकार बदलत नाही. इथे वाफ्याचाच डोंगर होतो. आणि शैवल तरी कुठे हात बांधून बसलंय? तुलूजच्या एका गटाने २०२४ मध्ये अनेक हरितशैवलांचे जनुकसंच एकमेकांशी ताडून पाहिले, शैवाकात राहणारी आणि न राहणारी. राहणाऱ्यांच्या वंशात एक विकर सापडलं, जे मुळात जिवाणूंकडून आलेलं आहे. बुरशीच्या भिंतीतल्या शर्करांच्या साखळ्या ते कातरू शकतं. म्हणजे कुळाच्या हातात मालकाच्या भिंतीची कातर आहे. त्या क्लॅडोनियाच्या शैवलातही उन्हाळ्यात पूर्ण वाळून टिकण्याची प्रथिनं जिवाणूंकडून आलेली दिसतात. ही शिदोरी बुरशीने दिलेली नाही.

आत्या : कातर भिंत तोडायला की दार उघडायला?

मी : दोन्ही शक्य आहे. भिंतीची साखर खायला, किंवा जवळ येऊन चिकटायला. जनुक वाचून हेतू वाचता येत नाही.

आत्या : हेच मी सकाळपासून म्हणतेय! जनुक म्हणजे घरातल्या सामानाची यादी. त्यात कोयता आहे म्हणून गवत कापलं की माणूस, ते यादीत नसतं. नातं बघायचं तर राहणी बघावी लागते. कोण वाढतं, कोण फळतं. शैवाकावर ती लाल-तपकिरी वाटीसारखी फळं येतात ती कुणाची? बुरशीची. शैवल तिथे कधी फळलेलं दिसत नाही. मी आयुष्यभर भिंगाखाली हेच पाहिलं.

हे तिचं म्हणणं मला अजूनही सर्वांत भारी वाटतं, आणि त्याला माझ्याकडे धड उत्तर नाही. मी फक्त एवढंच म्हटलं, की दिसणाऱ्यातही चुकायला होतं. आणि तिला ब्रायोरियाची गोष्ट सांगितली. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेला, पाइनसारख्या झाडांवर केसांसारखी लोंबणारी दोन शैवाकं आहेत. एक तपकिरी, तिथले मूळ रहिवासी खड्ड्यात भाजून खात. दुसरं पिवळं, व्हल्पिनिक आम्लामुळे विषारी. बुरशी तीच, शैवल तेच. मग विष कुठून आलं? टोबी स्प्रिबिल यांनी कार्यरत जनुकांचा शोध या दोन जीवांपलीकडे वाढवला, आणि २०१६ मध्ये सांगितलं की सालीत एक तिसरा जीव आहे, एक यीस्ट, आणि पिवळ्यात तो जास्त आहे. शतकभर लोक त्याच सालीचे छेद भिंगाखाली बघत होते.

आत्या : वाचलंय मी. आणि पुढचंही वाचलंय. तीनच वर्षांनी कुणी तीनशे एकोणचाळीस जातींचे नमुने तपासले, त्यात ते यीस्ट मोजक्याच जातींत सापडलं. सगळीकडे तिसरा वाटेकरी असतो असं म्हणत लोक नाचले ते उगाच.

मी : तेही जनुकं वाचूनच कळलं.

आत्या हसली. मग चहा झाला. चहा पिताना तिने मला विचारलं ते मात्र वाद म्हणून नव्हतं.

आत्या : पहिल्यांदा हे जमलं कसं असेल? कुणी तरी कुणाला तरी पहिल्यांदा धरलं असेल ना.

मी : एकदाच नाही, अनेकदा. बुरशींच्या वेगवेगळ्या कुळांत शैवाक होणं स्वतंत्रपणे सुरू झालं, हे १९९५ च्या सुमारास जनुकांवरून दिसलं. आणि क्लॅडोनियाच्या अभ्यासातून असं वाटतं, की कुठलंही एक जादूचं जनुक नाही. इथे थोडं, तिथे थोडं, पुष्कळ ठिकाणी बारीक बदल साठत गेले. एरिक हॉम आणि अँड्र्यू मरे यांनी तर २०१४ मध्ये एकही जनुक न बदलता हे करून दाखवलं. साधं पावाचं यीस्ट आणि क्लॅमिडोमोनास हे शैवल, कधी एकमेकांना न भेटलेले. नळी बंद, हवेतला कर्बवायू नाही. अन्नात ग्लुकोज, जे यीस्टला चालतं, आणि नायट्राइट, जे फक्त शैवलाला चालतं. यीस्ट ग्लुकोज खाऊन कर्बवायू सोडतं, तो शैवलाला मिळतो. शैवल नायट्राइटचं अमोनिया करतं, ते यीस्टला मिळतं. एकाशिवाय दुसरं जगेना. दोघंही सोबत वाढत राहिली.

आत्या : कुणी मालक नाही.

मी : नाही.

आत्या : पण नळी कुणी बंद केली?

मी काही बोलले नाही.

आत्या : बाबा असंच सांगायचे. भाटकार वाईट नव्हता, म्हणायचे. पाऊस वाईट, जमीन चढाची, दोघांचं एकमेकांवाचून भागत नसे. भाटकाराला भात कसता येत नव्हतं आणि आम्हाला जागा नव्हती. सगळं खरं. तरी नाव एकाचंच लागत होतं. (तिने ताटातला एक तुकडा पाण्यात बुडवला.) तुमच्या जनुकसंचात बुरशीचं पुस्तक आहे, शैवलाचं पुस्तक आहे. मग या दगडफुलाचं पुस्तक कुठे आहे?

मी : कुठेच नाही. दगडफुलाचा जनुकसंच म्हणून काही नाही. बुरशीच्या पुस्तकात अर्धा मजकूर, शैवलाच्या पुस्तकात अर्धा, आणि दोन्ही पुस्तकं एकत्र उघडी असतील तेवढा वेळच हे दिसतं.

पाण्यातला तुकडा एव्हाना बदलला होता. राखाडी साल पाणी पिऊन पारदर्शक झाली आणि खालचा हिरवा थर वर दिसू लागला, आधी कडेला, मग मध्यापर्यंत. आत्याने तो माझ्या तळहातावर ठेवला. ओला, मऊ, चामड्यासारखा. वर्षाला काही मिलिमीटर वाढतं हे, त्यामुळे तळहाताएवढा तुकडा व्हायला कितीतरी पावसाळे लागले असणार. म्हणून आत्या मसाल्यात दगडफूल मोजून घालते. शेजारच्या काकू मूठभर मागायला आल्या तर आधी त्यांना भिंगातून दाखवते, मग देते.

संध्याकाळी डंकावर जायच्या आधी तिने खिडकीतली एक वाळकी काटकी आणली. आंबोलीहून येताना रस्त्यावर पडलेली उचललेली, तिच्यावर ताजं शैवाक होतं. कडेची भुकटी तिने सुरीच्या टोकाने कागदावर झाडली, आणि परसातल्या फणसाच्या खरबरीत सालीत, उत्तरेच्या अंगाला, बोटाने दाबून बसवली.

"रुजेल?" मी विचारलं.

"इथली हवा आंबोलीएवढी गार नाही," ती म्हणाली. "पण पाऊस भरपूर आहे. तीन वर्षांनी भिंग घेऊन ये."